नितळ पाण्याची किळस

नितळ पाणी पाहिलं की लोकांना प्रसन्न वाटतं म्हणे. मला मळमळतं. ही माझ्या दिराची देणगी.

मी मारेगावला कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. प्रॅक्टिकल जवळ आलं की सासरच्या गावी जायचं, शेताखालच्या नाल्यातल्या डोहात उतरायचं आणि डबाभर शेवाळ आणायचं, हा माझा दर हिवाळ्याचा ठरलेला कार्यक्रम. केसांसारखे लांब, हिरवे धागे. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की प्रत्येक धाग्यात एक हिरवी फीत गुंडाळलेली दिसते आणि वर्गातला सगळ्यात आळशी पोरगाही दोनदा डोकावतो. डोहाकाठचा मोठा दगड शेवाळाने इतका गुळगुळीत असायचा की लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी त्यावरून नव्या साडीसकट पाण्यात गेले होते. दीर अजूनही ती गोष्ट पाहुण्यांना सांगतो आणि स्वतःच हसतो.

या दिराने नाल्याच्या वरच्या अंगाला शेततळं खणलं, प्लास्टिक अंथरलं आणि मासे सोडले. गावाने थट्टा केली, पण मासे वाढले. पाणी हिरवं झालं. ते हिरवंपण म्हणजे बारीक शेवाळ, माशांचं जेवण, हे मी त्याला समजावलं होतं. मग काही माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले आणि हा गडबडला. आमच्याकडे सर्दी झाली की अँटिबायोटिक, बकरी खोकली की तेच, कोंबडी पेंगायला लागली की तिच्या पाण्यात तीच कॅप्सूल फोडायची. माशांनीच काय पाप केलं होतं? दुकानदाराने कोंबड्यांच्या औषधाच्या पुड्या दिल्या. एक सांगितली तर चार टाकायच्या, ही आमची रीत. याने बादल्याच्या बादल्या कालवून तळ्यात ओतल्या.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा त्याने मोठ्या कौतुकाने मला आणि सासूबाईंना तळ्यावर नेलं.

"पाहा वहिनी, पानी कसं काचीवानी झालं! तळ दिसून राह्यला."

दिसत होता खरा. काळं प्लास्टिक आणि त्यावर मेलेल्या शेवाळाचा तपकिरी, बुळबुळीत थर. सासूबाईंनी त्या पाण्याला चक्क हात जोडले.

"भाऊजी, इतकं काहून टाकलं? औषधानं शेवाळ मेलं. मासे ज्या हवेवर जगतात ती शेवाळच सोडते. गुदमरून मरतीन."

"घान गेली म्हना ना, वहिनी."

त्याच आठवड्यात एका सकाळी मासे तोंडं वर काढून आ वासू लागले आणि दुपारी पोटं वर करून तरंगले. सडक्या अंड्यांसारखा वास घरातल्या भातापर्यंत पोचला. दीर काठावर बसून रडला. मलाही वाईट वाटलं. पण ते फार टिकलं नाही, कारण डोळे पुसून त्याने त्यातले नुकते मेलेले मासे वेचले आणि "ताजे हायेत" म्हणत शेजारी वाटले. मी तोंडाला पदर लावून आत गेले. शिसारी आली मला त्या माणसाची.

सडकं तळं उपसावं लागणार होतं; आता प्रश्न डोहाचा होता. मी हात जोडून सांगितलं, "हे पाणी नाल्यात सोडू नका. खाली डोह आहे, तिथंही हेच होईन. एका बाजूले खड्डा करून मुरू द्या."

"नाही सोडत, तुमची शप्पथ."

दुसऱ्या दिवशी मोटार चालू होती आणि पाइप थेट उतारावरून नाल्यात गेला होता. मी ओरडले तर म्हणतो, "वावरात सोडलं असतं तं कपाशी खराब झाली असती न!" म्हणजे औषध वाईट आहे हे त्याला कळत होतं. फक्त कपाशी त्याची होती आणि नाला कोणाचाच नव्हता.

प्रॅक्टिकलच्या आधी मी डबा घेऊन डोहावर गेले. दीर मागे आला होता. पाणी इतकं नितळ की तळातले खडे मोजावेत. एक धागा नाही, एक गोगलगाय नाही. सवयीने मी साडी वर खोचली, फांदी धरली आणि त्या दगडावर जपून, तिरका पाय टाकला. पाय घसरला नाही. दगड खरखरीत होता. दुसरा पाय टाकला, फांदी सोडली, तरी घसरला नाही.

"पाहा वहिनी," मागून दीर खुशीत म्हणाला, "आता नाही पडत तुमी."

डबा माझ्या हातात रिकामा होता. त्याला खरोखर वाटत होतं की त्याने माझं भलं केलं आहे.