तोंड उघड

बबन वॉचमनच्या केबिनमधून बाहेर आला तेव्हा कॉलेजच्या गेटापाशी आग्यामोहोळाच्या माशांचा नुसता काळा धूर झाला होता. पोरंपोरी वर्गांकडे पळाली आणि त्यांनी दारं लावून घेतली. एक मुलगी गेटाच्या आत पडली होती, तिला उठता येत नव्हतं. माझ्या भावाला, बबनला, केबिनचं दार आतून लावून बसता आलं असतं. तो हातात एक स्कार्फ घेऊन तिच्याकडे गेला, खाली बसला आणि तिच्या डोक्यातोंडाला तो गच्च बांधला. बांधताना काहीतरी बोलला, पण वर्गाच्या खिडकीतून बघणाऱ्यांना ते ऐकू आलं नाही. मग त्यानं तिला ओढत केबिनमध्ये आणलं. तोवर त्याचं स्वतःचं डोकं, कान, मान माशांनी भरून गेली होती. नारायणगावच्या दवाखान्यात त्याच संध्याकाळी तो वारला. मला आळ्याला घरी निरोप आला तेव्हा मी भाकरी थापत होते. तवा उतरवला आणि निघाले.

याला आता महिना होऊन गेला. लोक त्याला देवमाणूस म्हणायला लागलेत. मी त्याची थोरली बहीण, त्याची बायको गेल्यापासून तो माझ्याकडेच राहायचा. देवमाणूस वगैरे काही नव्हता. उमेदीची सगळी वर्षं त्यानं टोमॅटोच्या बाजारात क्रेट उचलले. कुणीही यावं आणि 'ए बबन, इकडं ये' म्हणावं. उतारवयात कॉलेजच्या गेटावर वॉचमन झाला, अंगावर निळा शर्ट आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याचं ऐकायला लागले. गेटावर नियमांचा बोर्ड होता. ओळखपत्र गळ्यात हवं, वर्गात मोबाईल नको, आणि मुलींनी स्कार्फनं तोंड झाकून आत यायचं नाही. आमच्याकडे पोरी उन्हाधुळीत डोळे तेवढे उघडे ठेवून स्कार्फ बांधतात, मग आत कोण शिरतंय ते कळत नाही, म्हणून हा नियम. बबनला तो फार आवडला. दिवसभर त्याचं एकच, "तोंड उघड." पोरीही काही कमी नव्हत्या. एक जण म्हणाली, "मामा, सून बघताय का?" हा म्हणाला, "तुला कोण करतंय? कार्ड दाव." घरी येऊन हे सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

मनीषा डोंगरातल्या आहुप्याची. शिकायला नारायणगावला मावशीकडे राहिली होती. पहिल्या दिवशी गावाकडच्या जीपमधून उतरून गेटाशी आली ती तोंड बांधूनच. बबन म्हणाला, तोंड उघड. आत गेल्यावर सोडते मामा, असं तिनं हळूच सांगून बघितलं. हा ऐकतोय कुठला. मागे पोरांची रांग उभी. तिनं स्कार्फ सोडला. ओठांभोवती आणि एका डोळ्याखाली कोडाचे पांढरे डाग होते. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. खोदून विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. मी म्हणाले, "लई तोंडं उघडलीस. आता तुझं झाक."

दुसऱ्या दिवसापासून मनीषा गेटाबाहेरच स्कार्फ सोडायची, न मागता केबिनच्या खिडकीतून त्याच्यापुढे ठेवायची आणि मान वर करून सरळ निघून जायची. त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. बबननं त्या स्कार्फसाठी केबिनच्या भिंतीत वेगळा खिळा ठोकला. 'राहू दे, बांधून जा,' एवढंच त्याला तिला म्हणायचं होतं. त्यानं प्रिन्सिपॉल साहेबांना विचारलंही. ते म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा, पण डॉक्टरचा दाखला आणला तर बघू. आता दाखला आण म्हणायचं तर 'कोड' हा शब्द तिच्यासमोर काढावा लागणार. तो काही त्याच्याच्यानं निघेना. "उद्या बोलतो, आक्का," असं म्हणत म्हणत वर्ष गेलं... ज्याला दिवसभर दुसऱ्याला तोंड उघड म्हणायला काही वाटत नव्हतं, त्याचं स्वतःचं तोंड त्या एका पोरीपुढे उघडलं नाही. याचा मला राग होता. तो मेला, तरी राग आहे.

पाण्याच्या टाकीखालचं मोहोळ त्या दुपारी कशानं उठलं ते कुणाला ठाऊक नाही. कुणी म्हणतं घारीनं झडप घातली, कुणी म्हणतं दगड बसला. शोकसभेत साहेब म्हणाले, बबनराव कर्तव्य बजावताना गेले. मी पुढेच बसले होते. त्याचं कर्तव्य स्कार्फ सोडायला लावायचं होतं, बांधायचं नव्हतं. नियमानं बघितलं तर त्यानं त्या दिवशी चूकच केली. ती वर्षभर आधी करायला हवी होती.

तेराव्यानंतर मनीषा आळ्याला आली. तोंड उघडंच होतं. हातांवर अजून डंखांच्या गाठी होत्या. स्कार्फ धुऊन, घडी घालून आणला होता. मी चहा टाकला. ती कॉलेजचं, मावशीचं असं इकडचं तिकडचं बोलत राहिली. मग तिनं विचारलं, मामा माझ्याबद्दल घरी काही बोलायचे का? खोटं बोलायची मला सवय नाही.

"बांधून जा म्हणायचं व्हतं त्याला तुला. जमलं न्हाई."

तिनं कप खाली ठेवला.

"म्हणले की," ती म्हणाली. "बांधताना म्हणले. तोंड उघडू नको, पोरी."

मी उठून भांडी आवरायला घेतली.

स्कार्फ ती ठेवून गेली. फिक्कट हिरवा आहे, एका कडेला उसवलेला. दाराशेजारच्या ज्या खिळ्याला बबन आल्या आल्या निळा शर्ट अडकवायचा, तिथं मी तो अडकवलाय. गेटावर आता दुसरा वॉचमन आहे, बोर्ड तोच आहे. त्या दुपारी गेटापाशी दोघंच उरली होती. त्यातली मनीषा जगली.