तिसऱ्या सिलिंडरची तार

लढाईच्या शेवटच्या साली माझी पोस्टिंग मेसोपोटेमियात होती. टायग्रिस नदीच्या वरच्या अंगाला आमची मोटार अँब्युलन्स कंपनी होती. पुढच्या पोस्टवरून जखमी उचलायचे आणि बावीस मैल मागे तंबूंच्या इस्पितळात पोचवायचे, एवढंच आमचं काम. मी नाईक बाळाराम, राहणार कडाव, तालुका कर्जत. माझ्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर होता राघो. तो पळसदरीचा. भरतीआधी तो घाटात रेल्वेच्या इंजिनावर कोळसा टाकायचा. नुसत्या आवाजावरून त्याला इंजिनातलं पुष्कळ कळायचं. पण त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून नाईकाची फीत मला मिळाली.

साडेचारला उठायचं. रेडिएटरमध्ये पाणी, टाकीत पेट्रोल, चारही प्लग काढून साफ करायचे. सहाला कॉन्व्हॉय निघायचा. आठ गाड्या, दोन गाड्यांमध्ये पन्नास यार्ड. धुळीमुळे पुढची गाडी दिसत नसे, तिच्या आवाजावर चालवायचं.

इंजिन मिस मारू लागलं, म्हणजे एखादा सिलिंडर पेटेनासा झाला, तर काय करायचं, हे आमच्याकडून बसऱ्याला पाठ करून घेतलं होतं. इंजिन चालू ठेवायचं. लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर एकेका प्लगचं टोक आणि इंजिनचं लोखंड यांना एकदम टेकवायचा, म्हणजे त्या सिलिंडरची ठिणगी बंद पडते. आवाज आणखी पडला, तर तो सिलिंडर काम करतोय. काही फरक पडला नाही, तर तोच मेलेला. मग त्याचा प्लग बघायचा, मग कॉइल, मग तार. मी या कामात कंपनीत पहिला होतो. त्याचा मला अभिमानही होता.

त्या दिवशी पुढची पोस्ट मागे घ्यायची होती. ऑर्डर अशी होती की, दोन वाजायच्या आत सगळ्या गाड्या कोरड्या नाल्याच्या पलीकडे पाहिजेत. त्यानंतर अलीकडच्या बाजूला आपली एकही रायफल राहणार नव्हती. माझ्या गाडीत चार जखमी होते. एक वाजून दहा मिनिटांनी, नाल्याच्या अलीकडच्या तोंडाशी, इंजिन मिस मारू लागलं. पलीकडे रेतीतून चढ होता. तीन सिलिंडरवर गाडी चढेना.

आमच्या तुकडीचे अधिकारी जमादारसाहेब घोड्यावरून आले. "किती वेळ?"

"दहा मिनिटं, साहेब."

तिसरा सिलिंडर मेलेला निघाला. नवा प्लग घातला. फरक नाही. कॉइल बदलली. फरक नाही. राघो बोनेटवर वाकून ऐकत होता.

"बाळाराम, तार लोखंडाला मारतेय रं. टिक टिक ऐकू येतंय."

मी तार प्लगवरून काढली, तिला इंजिनाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी क्लिपमधून ओढून मोकळी केली आणि तिचं टोक लोखंडाजवळ धरलं. चांगली जाड ठिणगी पडली.

"ही बघ. तार चांगली हाय."

"नाय रं. परत बघ. खालच्या अंगानं बघ."

"नाईक मी हाय का तू?"

तो बोनेटवरून बाजूला झाला. मी तार क्लिपमध्ये परत दाबून बसवली आणि कार्ब्युरेटर खोलायला घेतला. ऊन डोक्यावर होतं. मागे तोफा चालू होत्या. दीड वाजता जमादारसाहेब परत आले.

"रिपोर्ट?"

"इंजिन गेलं, साहेब. इथं होणार नाही."

हे वाक्य मी उच्चारलं. त्यावर पुढची ऑर्डर निघाली. चारही जखमी दुसऱ्या गाड्यांत दाटीवाटीने घातले. नाईकाने जखमींबरोबर जायचं, ड्रायव्हरने गाडीपाशी थांबायचं, दोनच्या आत ओढून न्यायला लॉरी येईल. लॉरीचा ॲक्सल वाटेत मोडला. ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली, तोवर तुर्क येऊन गेले होते. मी लॉरीवर होतो. गाडी जळालेली होती. राघो नाल्याच्या काठाला, गाडीपासून वीस पावलांवर पडला होता. रायफल रिकामी होती. त्या मुलखात लाकूड मिळत नाही, म्हणून आम्ही त्याला अग्नी देऊ शकलो नाही. मातीच दिली.

डिस्चार्ज घेऊन आल्यावर मी पळसदरीला गेलो. राघोची बायको सोना हिला सांगितलं, इंजिन गेलं होतं, इलाज नव्हता. मला ते तेव्हा खरंच वाटत होतं. त्यानंतर दर दिवाळीला मी जात राहिलो.

कडावला घरच्या अंगणात पेंढ्याचा मांडव घालून मी मोटारदुरुस्ती सुरू केली. कर्जत-खालापूर भागात तेव्हा मोटारी थोड्याच होत्या, त्यामुळे बहुतेक माझ्याकडे येत. मला गावात सगळे नाईक म्हणत. लढाई संपून चौदा वर्षं झाली, त्या साली श्रावणात एका दुपारी कर्जतच्या डॉक्टरांची गाडी, आमच्या अँब्युलन्सच्याच बनावटीची, आचके देत अंगणात शिरली. डॉक्टर स्वतः चालवत होते. शेजारी डोंगरावरच्या वाडीतला एक माणूस बसला होता.

"नाईक, हिचं काय ते बघा. तीनच सिलिंडर चालतायत. याची बायको कालपासून अडली आहे. पुढचा चढ ही गाडी घेणार नाही, आणि चालत जायचं तर तीन तास जातील."

तो माणूस खाली उतरून उभा राहिला. "लई तरास होतोय हो तिला," एवढंच म्हणाला.

पाऊस भुरभुरत होता म्हणून मी गाडी मांडवाखाली ढकलून घेतली आणि इंजिन चालू केलं. स्क्रू ड्रायव्हर लावला. तिसरा सिलिंडर मेलेला. प्लग बदलला, फरक नाही. तार काढली, लोखंडाजवळ धरली. चांगली जाड ठिणगी. तार परत क्लिपमध्ये बसवली. परत मिस.

माझे हात थांबले.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"जरा थांबा. बोलू नका."

मांडवाखाली अंधारून आलं होतं. गाव शांत होतं. मी बोनेटवर वाकलो. टिक, टिक, टिक. क्लिपच्या खाली एक बारीक निळी ठिणगी उडत होती. तारेचं रबर वरून धडधाकट होतं, खालच्या अंगाने क्लिपला घासून गेलं होतं. तार क्लिपमध्ये असली की वीज तिथूनच लोखंडात उतरायची, प्लगपर्यंत पोचायचीच नाही. तपासायला तार क्लिपमधून काढली की दोष नाहीसा व्हायचा. मी तपासत होतो तेव्हा, दोन्ही वेळा, मी स्वतःच दोष लपवत होतो.

सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, तारेला गुंडाळली, वर सुती टेप मारली, तार क्लिपच्या बाहेरून घेतली. इंजिन चारही सिलिंडरवर चालू लागलं. मी घड्याळ पाहिलं. ठिणगी दिसल्यापासून सहा मिनिटं.

नाल्यापाशी जमादारसाहेबांकडे मी दहा मिनिटं मागितली होती आणि वीस घेतली होती.

संध्याकाळी पाचला डॉक्टर परत आले. गाडी रस्त्यावरच थांबवून ओरडले, "दोघंही सुखरूप! नाईक, वेळेवर पोचलो, तुमच्यामुळे." मी हात वर केला. मग मांडवात जाऊन हत्यारं पुसत बसलो. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी चालत पळसदरीला गेलो. सोना अंगणात गवताच्या पेंढ्या बांधत होती. मला पाहून तिने पदर सारखा केला.

"भावजी, आज मधीच कसे काय?"

"वैनी, सांगायचं हाय. बसून ऐका."

ती बसली नाही. मी उभ्याउभ्याच सांगितलं. नाल्यापासून कालच्या दुपारपर्यंत, काहीही न गाळता. राघो काय म्हणाला आणि मी त्याला काय बोललो, तेही. तिच्या हातात पेंढीचा बंध तसाच राहिला.

"म्हंजे त्यांचं बराबर व्हतं?"

"होय. राघोचं बरोबर होतं."

"आन गाडी चालली असती?"

"चालली असती."

तिने बंध पेंढीवर ठेवला. मग म्हणाली, "तारेचं तुमाला काल कळलं. मानते मी. पन ते तसं बोल्ले व्हते, आन तुमी त्यांना गप केलं, हे तर तवाच ठावं व्हतं ना? येवढ्या दिवाळ्या आलात. येकदा तरी सांगायचं."

  पलटणीत मला पुष्कळ साहेबांनी झापलं आहे, पण मान खाली घालून मी उभा राहिलो तो तिच्यासमोर.

"चुकलो, वैनी."

"चुकलातच," ती म्हणाली, आणि पेंढी बांधायला लागली.

मी निघालो. वाटेला लागलो तेव्हा मागून तिने हाक मारली. कुंपणापर्यंत आली होती.

"त्या दिशी त्यांनी खाल्लं व्हतं का काय?"

एवढ्या वर्षांत हे तिने कधी विचारलं नव्हतं, आणि मलाही सांगायचं सुचलं नव्हतं.

"सकाळी साडेपाचला दोन बिस्किटं आणि चहा. दूध नव्हतं."

"गोड तरी व्हता?"

"गोड होता. माझी साखरपण त्यानंच घेतली. चेष्टा करत होता, परत घरी गेल्यावर गुळाची ढेप देतो म्हणाला."

तिने तोंडाला पदर लावला. हसू होतं की रडू, ते मला कळलं नाही. मग ती घरात गेली.

आमच्या कंपनीतले अकरा जण तिकडेच राहिले. त्यांतले काही तापाने गेले, काही गोळीने. बहुतेकांची नावं मला आठवतात, चेहरे पुसट झाले आहेत. ड्रायव्हर राघो, पळसदरीचा. सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या मागे बायको होती, आणि एक मुलगी, जिला त्याने पाहिलं नव्हतं.