गुरुवारची तपासणी

उमरग्याच्या बाजारात आमच्या अण्णांना, म्हणजे थोरले बंधू महालिंगप्पांना, मान होता तो त्यांच्या जिभेमुळं. ढेपेचा कपचा तोंडात टाकला की गूळ कसा आहे, पावसाळ्यात टिकेल का, सगळं सांगायचे. त्यांनी मान डोलावल्याशिवाय आमच्या आडतीत सौदा होत नसे. मी धाकटा शिवप्पा. मला मेलं काही कळत नाही, सगळा गूळ गोडच लागतो.

निजामाचं राज्य होतं. सेहेचाळीस सालच्या पौषात अण्णांना चक्कर आली, म्हणून सोलापूरला नेलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टी बांधून पाहिलं, रक्तदाब फार चढलेला निघाला. मीठ बंद केलं. वर म्हणाले, "अशा माणसाला साखरेचा आजारही असू शकतो. रक्त तपासायला हवं. येत्या गुरुवारी सकाळी उपाशीपोटी या."

आम्ही शहाण्यांनी 'मीठ बंद' एवढंच धरून ठेवलं. अण्णांना अळणी भाकरी उतरेना, म्हणून सिद्धम्मा वैनी रोज गुळाची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, करून वाढायच्या, तीही आग्रहानं.

गुरुवारी अण्णा लिंगपूजा उरकून, चहाही न घेता मोटारीला निघाले. नेमक्या दारात गुळाच्या बारा गाड्या उभ्या. सोलापूरच्या वाटेवर निजामाच्या हद्दीवरचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता; तिथल्या झडतीत अण्णांचा दिवस मोडणार, हे मला ठाऊक होतं.

"अण्णा, एवढा माल चाखून द्या की. पुढच्या गुरुवारी जावा."

"आरं, डॉक्टरनं उपाशी बोलावलंय."

"साखर कुठं पळून चाललीय व्हय?"

अण्णा हसले. पिशवी खुंटीला अडकवली आणि पहिला कपचा तोंडात टाकला. पुढच्या गुरुवारीही मी त्यांना असंच अडवलं. मग तपासणीचं नाव निघेनासं झालं.

चैत्रात चप्पल लागून टाचेला जखम झाली. ती भरेना. पाय काळा पडला तेव्हा सोलापूर गाठलं. रक्तात साखर बेसुमार निघाली. डॉक्टर चिडले, "तेव्हाच बोलावलं होतं. का आला नाहीत?"

मी खाटेशीच उभा होतो. अण्णांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"म्याच इसरलो जी," ते म्हणाले.

चार दिवसांनी अण्णा गेले.

वैनी अजून आल्यागेल्याला सांगतात, "तपासणीचं त्यांच्या ध्यानातच राहिलं न्हाय बगा. व्हय की न्हाय, शिवप्पा?"

मी मान डोलावतो.