एकला पाच कमी असताना वाजणारी बेल

मुकुंदराव सहस्रबुद्धे गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. मुलांनो, ग्रुपवरच्या बातमीवर तुमची आजी विश्वास ठेवत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. चष्मा लावून मी ती दोनदा वाचली आणि खात्री करायला तिसऱ्या मजल्यावर गेले. त्यांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आयुष्यभर चपला भिंतीला टाचा लावून ओळीत ठेवणाऱ्या माणसाच्या दारात तसला ढीग... तेव्हा कुठे पटलं. त्याला आता सहा आठवडे झाले. तुम्ही तिकडून फोनवर विचारलंत, "वायरआजोबा म्हणजे स्टुलावर बसायचे तेच ना?" हो, तेच. हे तुमच्यासाठी लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येणार असल्यामुळे शेजाऱ्यांच्याही नजरेखालून जाईल. जाऊ दे, त्यांनीही वाचावं.

ते इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले होते. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी एक प्रस्ताव मांडला. आमच्या कोपऱ्यावरच्या स्टँडवरचे काही रिक्षावाले विजेवरच्या रिक्षा घ्यायला तयार होते, पण त्या चार्ज करायच्या कुठे? धायरीकडे त्यांच्या घरांच्या गल्लीत रिक्षा धड वळतसुद्धा नाही. आमच्या इमारतीतल्या गाड्या मात्र सकाळीच खराडीला, हिंजवडीला जातात आणि दिवसभर पार्किंग मोकळं असतं. तेव्हा पंपाच्या खोलीशेजारी तीन सॉकेट बसवायचे, मीटर वेगळं, बिल रिक्षावाल्यांचं, वेळ दुपारी एक ते चार. बदल्यात स्टँडने कबूल केलं होतं, की इमारतीतल्या म्हाताऱ्या माणसांना जवळच्या अंतरासाठी कधीही नाही म्हणायचं नाही. पुण्यातला रिक्षावाला हे आपणहून कबूल करतो? मला तिथेच पाणी मुरतंय असं वाटलं.

सेक्रेटरी मीच होते. भर सभेत मी विचारलं, "मुकुंदराव, तुम्हाला यातून काय मिळतं?"

"दुपारची झोप मोडते," ते म्हणाले. सगळे हसले, मी हसले नाही. या शहरातला निवृत्त माणूस एक ते चारची वेळ दुसऱ्याला देतो, याचा अर्थ आत काहीतरी शिजत असणार. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं आणि सगळं लेखी हवं ही सवय तिथून लागली. प्रस्ताव थोडक्या मतांनी मंजूर झाला. मी इतिवृत्तात एक वाक्य घातलं: 'श्री. सहस्रबुद्धे यांचा वाहने विकणाऱ्या कोणाशी संबंध आहे काय, याचा खुलासा व्हावा.' खाली सही केली.

सॉकेट बसले त्या दिवशी एकला पाच कमी असताना माझी बेल वाजली, एकदाच. दारात मुकुंदराव, हातात लाल दोरा बांधलेली सॉकेटच्या पेटीची किल्ली.

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही ना? मग ही तुमच्याकडे राहू दे. रोज मी मागायला येईन, चार वाजता आणून देईन."

"आणि मी दिली नाही तर?"

"तर स्टँडवरचा तानाजी तुमच्या खिडकीखाली येऊन उभा राहील. तो फार मोठ्याने बोलतो."

किल्लीसाठी मी स्वयंपाकघराच्या दाराशी खिळा ठोकून घेतला. अडीच वर्षं ती बेल एका मिनिटाने चुकली नाही. ते किल्ली न्यायचे आणि निळ्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर तीन तास बसायचे, खेळणाऱ्या मुलांचा पाय वायरीत अडकू नये म्हणून. मी खिडकीतून बघत असायची. ते फोनवर कोणाशी बोलतात, रिक्षावाल्यांच्या कानाशी लागतात का... एकदा छातीवर गाड्यांच्या दुकानाचं नाव असलेला शर्ट घालून एक तरुण फाटकाशी आला. मुकुंदराव लगबगीने बाहेर गेले, फुटपाथवरच त्याच्याशी दोन शब्द बोलले आणि त्याला परत पाठवून दिलं. चार वाजता मी विचारलं, "कोण होता?"

"चुकून आला होता."

मी मनाशी खूणगाठ बांधून ठेवली.

दरम्यान एकाच्या तीन रिक्षा झाल्या. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तानाजी मला चार इमारती पलीकडच्या डॉक्टरांकडे न्यायचा. एवढ्याशा अंतरासाठी विचारलं, की पूर्वी स्टँडवरचे लोक आभाळाकडे बघायला लागत. मी एकदा त्याला टोचलं, "सहस्रबुद्ध्यांनी पढवून ठेवलंय ना तुला?"

"पढवलंय तर हायच," तो म्हणाला. "पण आजी, किल्ली तुम्ही देता. म्हंजी तुम्ही बी आमच्यातल्याच झाल्या की."

तेव्हा ते मला मुळीच आवडलं नव्हतं.

मुकुंदरावांच्या शोकसभेला तो शर्टवाला तरुण आला. नाव श्रीरंग, मुकुंदरावांचा सख्खा पुतण्या, गाड्यांच्या दुकानात विक्री करणारा. ऐकलं आणि, लिहायला लाज वाटते, मला आनंद झाला. बघा, मी म्हणत नव्हते! मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "स्टँडवरच्या किती रिक्षा तुझ्याकडून गेल्या?"

"एकही नाही. तानाजीला गाडी पहिल्यांदा मी दाखवली, पण काकाने त्याला दुसऱ्या दुकानात पाठवलं. म्हणाला, आमच्याकडे एक बाई आहेत, त्यांनी लेखी विचारलंय. तू फाटकाच्या आत दिसलास तरी हे सगळं बंद पडेल." मग तो पुढे म्हणाला, "मला राग आला होता, आजी. दोन दिवाळ्या मी आलोच नाही. शेवटी त्याने फोन केला, तोही मी उचलला नाही..."

मुकुंदरावांना मूलबाळ नव्हतं. पत्नी गेल्यापासून दिवाळीच्या पहिल्या दिवशी हा पुतण्याच त्यांच्याकडे फराळाला असायचा. त्या दोन्ही दिवाळ्यांना मी वर चकल्यांची ताटली पाठवली होती आणि मनात म्हटलं होतं, घरचं कोणी फिरकत नाही, म्हणजे माणसातच काहीतरी खोट असणार.

विचारलं ते चूक होतं, असं मी आजही म्हणणार नाही. पण त्यांनी भर सभेत सरळ का सांगितलं नाही, की पुतण्या त्या धंद्यात आहे? हे मला खूप दिवस खटकत होतं. उत्तर सापडलं तेव्हा जास्त खटकलं. त्यांनी सांगितलं असतं, तर मी सॉकेट बसूच दिले नसते. हे ते ओळखून होते. रिक्षांची जागा आणि पुतण्या यांतलं एकच त्यांना ठेवता येत होतं, आणि ती निवड मी त्यांच्यावर लादली होती.

तेराव्यानंतर स्टुलावर मी बसू लागले. मागच्या आठवड्यात समितीची बैठक झाली. नवा सेक्रेटरी अद्वैत चौथ्या मजल्यावर राहतो, खराडीच्या कंपनीचं काम घरून करतो. म्हणाला, "आजी, आता काका नाहीत. उद्या काही झालं तर रिस्पॉन्सिबिलिटी कोणाची? सॉकेट काढून टाकू या. आणि सॉरी, पण तुम्ही रोज खाली जाऊन बसता... तुम्हाला यातून काय मिळतं?"

झोपेचं उत्तर ओठांवर आलं होतं, पण ते मुकुंदरावांचं होतं. मी म्हटलं, "आधी खुलासा लिहून घे. स्टँडवरची चौथी रिक्षा मुकुंदरावांच्या पुतण्याच्या दुकानातून येते आहे. त्याला मी बोलावलंय. तो फाटकातून आत येईल आणि माझ्या घरी चहाही घेईल. लिहिलंस? दे, सही करते." मग पर्समधून लाल दोऱ्याची किल्ली काढून त्याच्यापुढे ठेवली. "ही तुझ्याकडे राहू दे. घरून काम करतोस ना? रोज मी मागायला येईन."

त्याने ती उलटसुलट करून पाहिली. महिनाभर बघू, म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी बेल वाजवली, तेव्हा त्याने दार अर्धंच उघडलं आणि माझ्या खांद्यावरून मागे कोणी आहे का ते पाहिलं. ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती.

माझ्या स्वयंपाकघरातला खिळा आता रिकामा आहे. जेवण आटोपलं, की मी त्याच्याकडे बघते, मग घड्याळाकडे, आणि एकला पाच कमी असताना चौथ्या मजल्यावर जाऊन बेल वाजवते. एकदाच.