बाजरीवर गहू

कोणी हे वाचलंच, तर माझं गिचमिड अक्षर आणि चुकलेलं शुद्धलेखन माफ करावं. शाळा चौथीपर्यंतच झाली.

आमच्या आष्टीतले गिरणीवाले भाऊ बाजरीवर गहू कधी दळत नाहीत. पीठ बिघडतं म्हणतात. गिरणी बंद असली तरी ओरडूनच बोलतात. यंदा त्यांनी अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या विकायला ठेवल्या. शेजारी पाण्याच्या दोन बरण्या, दोन्हींत खिळा. एकीत रोज गोळी टाकायचे.

"वहिनी, शरीर म्हंजे खिळा! गोळी खाल्ली की गंज न्हाई!"

दोन्ही खिळे गंजले. भाऊ म्हणाले, "गोळीवाला खुशीनं गंजला!"

मला नाही म्हणता येत नाही. सासूबाईंसाठी सहाशे रुपयांचा गोळ्यांचा डबा घेतला. त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. थोड्याच दिवसांत त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, "अंगात जीवनसत्त्व कमी असेल तर या गोळ्यांचा फायदा होतो. पण यात ई जीवनसत्त्व भरपूर आहे. त्या औषधावर हे घेतलं तर रक्त वाहू शकतं." डबा बंद केला, तेव्हा रक्त थांबलं.

भाऊंना सांगायला गेले, पण गिरणीपुढे माझा आवाज पोचेना. त्यांनी भरल्या रांगेत गिरणी बंद केली. मी सांगितलं.

पहिल्यांदाच ते हळू बोलले. "म्हंजे मी बाजरीवर गहू टाकला. माय बरी हाय न आता?"

मी होकाराची मान हलवली. मग भाऊ रांगेकडे वळून ओरडले, "गोळ्या बंद! डबे वापस आणा!"

गंजका खिळा भिंतीत ठोकून त्यांनी त्यावर चाळणी अडकवली, नोटांवरचं पीठ फुंकलं आणि माझे सहाशेच्या सहाशे रुपये परत दिले.