भार्गवच्या मूळ चित्रांसाठी गासला

रहस्यकथांतला गुप्तहेर भार्गव माझ्या शाळेपासूनचा सोबती. त्याची पुस्तकं, जाहिरातींचे कागद, कॅलेंडरं, जे मिळेल ते मी जमवत होतो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका रद्दीवाल्याकडून कळलं, की त्याची मुखपृष्ठं काढणारे चित्रकार बावतीस नालासोपाऱ्याजवळ गास गावात राहतात. मग मूळ चित्रंही तिथेच असणार! पुढच्या रविवारी निघालोच.

ठाण्याहून घोडबंदरमार्गे वसईची एसटी, तिथून सोपाऱ्याची, पुढे टांगा. तुम्ही जाल तेव्हा आता रिक्षा मिळेल. वाटेत सुकेळी जरूर घ्या. वाळवलेल्या केळ्यांची ती चव दुसरीकडे नाही. मी दोन पुड्या घेतल्या, एक बावतीसांसाठी.

"बावतीसकडं काय काम?" टांगेवाल्यानं विचारलं.

"चित्रं बघायचीत."

"बगा," म्हणाला, आणि टांगा हाकला.

केळीच्या बागेमागं घर. दार त्यांच्या मुलीनं, मार्थानं उघडलं. बावतीस ओटीवर खुर्चीत बसले होते, नजर कुठंतरी हरवलेली. मी भार्गवचं नाव घेताच त्यांनी मान वर केली.

"पास्कू आला?"

"नाही, पपा," मार्था म्हणाली आणि मला आत घेऊन गेली.

तिनं ट्रंक उघडली. तोच कोट, तीच टोपी, रंग अगदी ताजे. पण प्रत्येक चित्रात चेहऱ्याच्या जागी भोक.

"पास्कू माझा भाऊ. त्यालाच उभा करून पपा भार्गव काढायचे. बोटीवर नोकरीला गेला, समुद्रात पडला. सापडलाच नाही. मम्मी त्याचीच हाय खाऊन गेली. पपांनी सगळे चेहरे कापले नि तिच्या शवपेटीत ठेवले."

"त्याचा फोटो?"

"कोण काढणार? घरात चित्रकार होता ना."

मी घाईघाईनं म्हणालो, "माझ्याकडे पुस्तकं आहेत. पाठवतो."

तिनं बाहेर, खुर्चीकडं बघितलं. "नको. तोंड दिसलं तर त्यांना वाटेल, आला. मग मला परत सांगायला लागेल. ही चित्रं न्यायची तर न्या."

मला हात लावायचा धीर झाला नाही. सुकेळ्यांची पुडी ठेवली आणि निघालो.

घरी येऊन कपाट उघडलं. भार्गवचं ते अर्धवट हसू मला नेहमी चतुर वाटायचं. आता दिसला तो बापासमोर उभं राहून कंटाळलेला पोरगा, पुस्तकापुस्तकावर. त्यानंतर मी एकही घेतलं नाही. आहेत ती विकवत नाहीत, आणि बघवतही नाहीत.