ओठांची खूण

आनास्तासिओ चुवेचा कुणावर विश्वास नव्हता. धबधबा बघायला आलो असं पाहुणा म्हणाला, की हा आधी त्याच्या पिशवीत दोर आहे का ते बघायचा. कारणही होतं. विशीत त्याने स्वतःच ताडांच्या ढोलीतली मकाव पोपटांची पिल्लं काढून विकली होती. पुढे जंगल राखीव झालं, तो वाटाड्या झाला, पण जग आपल्यासारखंच असणार हे त्याच्या डोक्यातून गेलं नाही. गेली नऊ वर्षं तो धबधब्याखालच्या वठलेल्या ताडावरची एक ढोली राखत होता. यंदा तिच्यात दोन पिल्लं होती. ती उडाली म्हणजे आपलं पाप फिटलं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

यान नावाच्या या गोऱ्या पाहुण्याने तर कहरच केला. एवढा धबधबा समोर कोसळतोय आणि हा दुर्बीण लावून झाडांचे शेंडे बघतोय!

"इथे मकावची घरटी आहेत ना?"

"होती. माझ्या आजोबांच्या वेळी."

आनास्तासिओने हात खिशात कोंबले. शेजारी नावाडी रुफो उभा होता, आनास्तासिओच्या लेकीचा धर्मबाप, भावाहून जवळचा. त्या नात्याने दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत.

"कोंपाद्रे, एवढा घाबरतोस, आहे तरी कुठलं झाड?" रुफो कुजबुजला.

आनास्तासिओने ओठांचा चंबू करून ताडाकडे वळवला. गावात बोटाने कोण दाखवतो, ओठांनीच दाखवायची रीत. यानला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, म्हणून आनास्तासिओ मनातून खूश झाला.

संध्याकाळी त्याने यानच्या दोन झाडांना टांगलेल्या झोपायच्या झोळीखाली, चारी बाजूंनी कसाव्याचं पीठ पसरलं. खाली पाय टेकला की ठसा उमटणारच.

"बायकोच्या खाटेभोवतीही टाकतोस का रे?" रुफो हसला.

"ती घोरते. तिचा पत्ता आपोआप लागतो."

सकाळी पीठ जसंच्या तसं होतं. मुंग्यांची एक रांग सोडली तर त्यावर काही उमटलं नव्हतं आणि यान ढाराढूर झोपला होता. आनास्तासिओला स्वतःचीच लाज वाटली. तेवढ्यात धबधब्याकडून मकावांचा आक्रोश ऐकू आला. तो धावला. ताडाला दोर घासल्याच्या ताज्या खुणा होत्या. जोडी वर घिरट्या घालत होती. ढोलीतून एक चूं ऐकू येत नव्हती.

दोर! नऊ वर्षं त्याने पाहुण्यांच्या पिशव्या उपसल्या होत्या. रुफोच्या होडीत तर दोर कायमच असायचा.

तो काठावर आला. होडी नव्हती. लेकीला नाव देताना तिला रुफोच्याच हातात दिलं होतं.

मागून डोळे चोळत यान आला.

"आपला नावाडी कुठे गेला?"

आनास्तासिओचे ओठ आपोआप पुढे आले, नदीच्या वळणाकडे. त्याने झटकन तोंडावर हात दाबला आणि तसाच उभा राहिला.